ताजी काजळी

शिवडीच्या मालधक्क्यामागे, जिथे रूळ
गवतात शिरतात आणि परत दिसत नाहीत,
तिथे आमचं संग्रहालय. तिकीट दहा रुपये.
सोमवारी बंद. बाकी दिवस उघडं, म्हणजे मी असतो.

छत्तीस वर्षं सिग्नल फिटर होतो, आता क्युरेटर.
मानधनाची सही घेताना क्लार्क विचारतो,
"तुम्ही नक्की करता काय?"
पितळ घासतो, म्हणतो. कबुतरं हाकलतो.
शाळेची पोरं आली की घसा बसेपर्यंत सांगतो
की पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारीख दाबणारं हे यंत्र
अजून खट् करतं,
फक्त वर्षाचं चाक नव्याण्णवला अडतं.

टोकनचं लाल यंत्र दारूखान्यातून आणलं.
शब्बीर लोखंडवाला किलोच्या भावाने काढत होता.
त्यातला गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय
गाडीने हलायचं नाही,
आणि गोळा सुटणार कधी,
तर पुढच्या स्टेशनने तिकडून होकार दिला की.
ही यंत्रं जोडीने असतात.
आपल्याकडे एकच.
दुसरं कुठे गेलं? शब्बीर म्हणाला,
"वितळलं असेल. नाहीतर एखाद्या हॉटेलात, दारापाशी."
पोरं बटण दाबतात. घंटी कुठेच वाजत नाही.
आत गोळे आहेत अजून. यंत्र हलवलं की कळतं.

लेबलं मीच लिहितो.
बनवणाऱ्या कंपनीचं नाव पितळेत कोरलेलंच असतं,
गाव, साल, नंबर, सगळं.
वापरणाऱ्याच्या रकान्यात लिहितो: माहिती नाही.
लिहून लिहून हे दोन शब्द
माझ्या हातून फार सुंदर येतात.

परवा, बंद व्हायला वीस मिनिटं असताना
एक बाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पिशवीत मेथी.
रजिस्टरात नाव लिहिलं: भागीरथी धोंडू आंबवले.
कोठून आलात, या रकान्यात: समोरून.
बाकी काही पाहिलं नाही.
हातदिव्यांच्या कपाटापाशी थांबल्या.
"हे चुकलंय."
काय?
"वात. सरळ कापून ठेवलीय. कोपरे मारायचे असतात,
नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात."

मालक लॅम्पमन होते. संध्याकाळी बेचाळीस दिवे,
खांबावर चढून.
"हात त्यांचा कापायचा, म्हणून वात मी कापायची.
का कापायचा ते विचारू नका."
नाही विचारलं.
मस्टरवर एकच नाव होतं, पगार एकाचाच होता,
आणि साहेब दिव्यांचं कौतुक करायचे.

"वस्तूंना हात लावू नये" ही पाटी मीच रंगवलीय.
तिच्याकडे पाठ करून मी कुलूप काढलं.
लेबलं कापायची कात्री दिली,
गंज काढायला ठेवलेलं रॉकेल दिलं.
दोनदा कच्, कच्. काडी ओढली,
आणि ज्योत उभी राहिली, करंगळीच्या नखाएवढी.
बाईंनी काच फिरवली. पांढरा. हिरवा.
मग लाल, सरळ माझ्याकडे धरून.
खोटं कशाला सांगू, माझे पाय थांबले.
त्या हसल्या. दात नव्हते बहुतेक.
काचेवर वरच्या बाजूला काळं धरलं होतं.
"रॉकेल जुनं तुमचं. वातीला बोल लावू नका."
फुंकर मारली, पिशवी उचलली.
मेथी निवडायची होती.

बुधवारी डिव्हिजनचे साहेब तपासणीला आले.
"ही काच का पुसलेली नाही?"
साहेब, वस्तू वापरात आहे.
त्यांनी शेरा मारला. इंग्रजीत, दीड ओळ.

ते गेल्यावर जुनं लेबल काढलं.
नवीन लिहिलं: वापरणारे, धोंडू आंबवले, लॅम्पमन.
त्याखाली: वाती, भागीरथी आंबवले.
कार्ड तेवढंच होतं. नाव मोठं.
आंबवले मधलं ले
खालच्या ओळीत उतरलं,
तसंच ठेवलं.